पीएसपी९४ दिल्यावर पीसी-३ पेशींची वाढ थांबायच्या ऐवजी ओडी वाढतोय: चूक कुठे आहे?

जास्वंदी

पीएसपी९४, म्हणजे बीटा-मायक्रोसेमिनोप्रोटीन, हे प्रोस्टेट ग्रंथी स्वतःच वीर्यात सोडते ते ९४ अमिनो आम्लांचं प्रोटीन. प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशींची वाढ ते रोखतं असं वाचून प्रयोग लावला आहे, पण आकडे उलटे येताहेत. मांडणी अशी:

प्रोटीन ई. कोलाय बीएल२१ या जिवाणूत बनवलं, सी-टोकाला सहा हिस्टिडीनची शेपटी. जवळपास सगळं इन्क्लूजन बॉडीजमध्ये (घडी न झालेल्या प्रोटीनच्या गोळ्यांत) गेलं. ८ मोलर युरियात विरघळवलं, निकेल कॉलमवर धरलं, मग डायलिसिस करत युरिया टप्प्याटप्प्याने काढला. शेवटचा बफर पीबीएस, १० टक्के ग्लिसरॉल आणि १ मिलिमोलर डीटीटी. ब्रॅडफर्डच्या रंगचाचणीप्रमाणे १ मि.ग्रॅ. प्रति मि.ली. जेलवर पट्टा एकच, पण शेपटीसकट ११.५ किलोडाल्टनऐवजी (शेपटीशिवाय १०.७) १५ च्या आसपास.

पेशी पीसी-३ (प्रोस्टेट कॅन्सरच्या), आरपीएमआय १६४० या मीडियात १० टक्के एफबीएस, म्हणजे गाईच्या भ्रूणाचं सीरम. ९६ वेलच्या प्लेटमध्ये वेलला १०,००० पेशी, रात्रभर चिकटू दिल्या, मग ०.१, १, १० आणि १०० मायक्रोग्रॅम प्रति मि.ली. असे डोस. ४८ तासांनी एमटीटी (जिवंत पेशींमुळे जांभळा होणारा रंग; त्याची गडदता म्हणजे ओडी). कंट्रोलला पीबीएस.

१० पर्यंत काहीच फरक नाही. १०० ला ओडी कंट्रोलपेक्षा साधारण ३० टक्के जास्त. ९५ अंशांवर १० मिनिटं तापवून ‘मारलेलं’ प्रोटीन दिलं तरी तेच. याशिवाय लॅबमध्ये वीर्यद्रवातून वेगळ्या केलेल्या पीएसपी९४ ची एक जुनी ट्यूब आहे. तिच्याने ओडी २० टक्क्यांनी उतरतो, पण ती तापवून दिली तरी तेवढाच उतरतो. म्हणजे हे प्रोटीन मुळात काही करतच नाही असं समजायचं का?

---

डायसल्फाइड

इतक्यात तसं समजू नका. तुमच्या ट्यूबमध्ये पीएसपी९४ ची अमिनो आम्लं आहेत, पण पीएसपी९४ आहे की नाही हे अजून ठरायचंय.

या ९४ मध्ये १० सिस्टीन (गंधक असलेली अमिनो आम्लं) आहेत आणि ती पाच डायसल्फाइड पुलांत, म्हणजे गंधक-गंधक जोडांत, जोडलेली असतात. एवढ्याशा प्रोटीनला पाच पूल म्हणजे अख्खी घडीच त्यांच्यावर उभी. ई. कोलायच्या पेशीरसात हे पूल बांधले जात नाहीत, म्हणून तर ते इन्क्लूजन बॉडीजमध्ये गेलं. युरिया हळूहळू काढून पूल आपोआप बरोबर जोडीने लागतील ही आशा फार मोठी आहे, आणि त्यावर तुम्ही बफरमध्ये डीटीटी ठेवलाय. तो पूल तोडायचंच काम करतो. बहुतेक प्रोटीनांना डीटीटी राखण म्हणून चालतो, या प्रोटीनला तो घरभेदी आहे.

आधी मोजमाप सुधारा. ब्रॅडफर्ड इथे फसवं आहे, कारण रंग मुख्यतः आर्जिनीनला धरतो आणि पीएसपी९४ मध्ये आर्जिनीन फक्त दोन. २८० नॅनोमीटरला वाचा. दोन ट्रिप्टोफॅन, चार टायरोसिन आणि पाच पूल धरून मोलर शोषणांक साधारण १७,६०० येतो, म्हणजे १ मि.ग्रॅ. प्रति मि.ली. द्रावणाचं शोषण शेपटीशिवाय १.६५ आणि तुमच्या शेपटीसकट १.५३ च्या आसपास. डीटीटी ऑक्सिडाइज झाला की तोही २८० ला शोषण दाखवतो, तेव्हा ब्लँक ताज्या बफरचा घेऊ नका, तितकाच जुना बफर घ्या. १५ ला दिसणाऱ्या पट्ट्याची काळजी नको. हे प्रोटीन एसडीएस जेलवर आपल्या वजनापेक्षा वर, १४ ते १६ ला धावतं.

घडी तपासायला तीन गोष्टी:

एलमनची चाचणी, म्हणजे मोकळे थायॉल (पुलात न जोडलेल्या सिस्टीनचे गंधक गट) मोजणं. डीटीटी आधी लहान डिसॉल्टिंग कॉलमवर पूर्ण काढा, नाहीतर डीटीटीच मोजाल. मग प्रोटीन ६ मोलर ग्वानिडीनमध्ये (घडी उलगडणारं रसायन) घेऊन ४१२ ला वाचा. रेणूमागे मोकळे थायॉल शून्याच्या जवळ हवेत. दहाच्या जवळ असतील तर घडी नाहीच.

एकाच जेलवर डीटीटीसह आणि डीटीटीशिवाय. डीटीटीशिवायच्या लेनमध्ये वर शिडीसारखे पट्टे दिसले तर रेणू एकमेकांना चुकीच्या पुलांनी बांधले गेलेत.

मास, म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटरवर रेणूचं वजन. पाचही पूल लागलेलं प्रोटीन, पूल नसलेल्यापेक्षा बरोबर १० डाल्टनने हलकं असतं. १० हायड्रोजन गेले, एवढाच फरक. पण मास पुलांची संख्या सांगतो, जोड्या बरोबर आहेत का ते सांगत नाही. त्यासाठी रिव्हर्स फेज एचपीएलसीवर एकच टोकदार शिखर हवं. पसरट टेकडी दिसली तर मिश्र जोड्या आहेत.

पुन्हा घडी घालायची असेल तर अशी घाला. ६ मोलर ग्वानिडीन, पीएच ८.५, १० मिलिमोलर डीटीटी, ३७ अंशांवर एक तास. मग पीएच ३.५ च्या आसपासच्या ग्वानिडीनमध्ये डिसॉल्ट करून डीटीटी बाहेर काढा. ही पायरी पुष्कळ जण गाळतात आणि तिथेच फसतात: १० मिलिमोलर डीटीटी ५० पट पातळ झाला तरी ०.२ मिलिमोलर उरतो, आणि पुढे दिलेल्या बफरमधल्या ०.४ पैकी ०.२ मिलिमोलर ऑक्सिडाइज्ड ग्लुटाथायोन तो एकटाच खाऊन टाकतो. प्रोटीनच्या वाट्याला निम्माच राहतो. नंतर थंड बफरमध्ये थेंबथेंब सोडा: ५० मिलिमोलर ट्रिस पीएच ८.३, ०.५ मोलर आर्जिनीन, १ मिलिमोलर ईडीटीए, २ मिलिमोलर साधा आणि ०.४ मिलिमोलर ऑक्सिडाइज्ड ग्लुटाथायोन. प्रोटीनचं अंतिम प्रमाण ५० मायक्रोग्रॅम प्रति मि.ली. च्या वर नको. जास्त झालं की शेजारच्या रेणूशी पूल बांधतं आणि द्रावण दुधाळ होतं. ४ अंशांवर २४ ते ४८ तास, हलक्या हाताने ढवळत. शेवटी असेटिक आम्लाने पीएच ३ ला आणलं की पुलांची अदलाबदल थांबते. मग सेंट्रिफ्यूज आणि एचपीएलसी. एचपीएलसीनंतर टीएफए (एचपीएलसीच्या द्रावणातलं आम्ल) पूर्ण घालवा, नाहीतर वाढ रोखल्याचं श्रेय आम्लाला जाईल. आणि हो, ईडीटीए असताना परत निकेल कॉलमवर चढवू नका, निकेल उतरून येईल.

आता तापवलेल्या कंट्रोलबद्दल. पाच पुलांचं एवढंसं प्रोटीन उकळून थंड केलं तर ते बहुधा परत होतं तसंच बसतं. मेलेलं समजून तुम्ही जिवंतच दिलंय. किंवा तुमच्या बाबतीत, आधीच मेलेलं परत मारलंय. खरा कंट्रोल हवा तो पूल तोडून टोकं कायमची बंद केलेला: ग्वानिडीनमध्ये डीटीटी १० मिलिमोलर, मग आयोडोअसेटामाइड ५० मिलिमोलर, अंधारात अर्धा तास, थोडा जास्तीचा डीटीटी घालून थांबवा आणि डायलिसिस. डीटीटीच्या रेणूत दोन थायॉल असतात, म्हणून आयोडोअसेटामाइड २० च्या बरंच वर हवं. मास साधारण ५८० डाल्टनने वाढला की काम झालं. अमिनो आम्लं तीच, घडी नाही. या दोघांतला फरक हाच तुमचा निकाल.

---

विहीरवाला

वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण ओडी वाढण्याचं खापर लगेच डीटीटीवर फोडू नका.

मोकळे थायॉल एमटीटीला पेशींशिवायही जांभळं करतात हे खरं. १ मि.ग्रॅ. च्या स्टॉकपासून १०० मायक्रोग्रॅमचा डोस करताना १:१० पातळ झालं, म्हणजे वेलमध्ये डीटीटी ०.१ मिलिमोलर गेला. पण ३७ अंशांवर, लोह-तांब्याचा अंश असलेल्या मीडियात तो ४८ तास टिकणं कठीण. एमटीटी घालता त्या वेळी फार उरलेला नसेल. त्यामुळे अंदाज नको, पेशी नसलेल्या वेल ठेवा: मीडिया आणि बफर, मीडिया आणि प्रोटीन. एक संच डोस दिल्या दिल्या वाचा, एक ४८ तासांनी. दुसराही जांभळा झाला तर रसायनाचा खेळ. झाला नाही तर पेशींकडे वळा.

पेशींकडे वळल्यावर तीन दोष दिसतात.

पहिला, १०,००० पेशी फार झाल्या. ९६ च्या वेलचं तळ साधारण ०.३ चौ. सें.मी.; तिथे पीसी-३ चाळीसेक हजारांना भरून येतात. दुपटीचा काळ ३० तासांच्या वर आहे, म्हणजे चिकटण्याची रात्र आणि ४८ तास धरून जेमतेम दोन दुपटी होतात आणि तेवढ्यात वेल भरते. भरलेल्या वेलमध्ये कंट्रोलच थांबलेला असतो, मग औषधाने काय थांबवायचं? २,००० पेशी टाका आणि ९६ तास चालू द्या. ४८ तासांनी मीडिया आणि प्रोटीन ताजं करा.

दुसरा, कंट्रोल चुकलाय. १०० च्या डोसला वेलचा दहावा हिस्सा तुमचा बफर आहे, त्यासोबत १ टक्का ग्लिसरॉल. पीबीएस हा त्याचा कंट्रोल होत नाही. प्रत्येक डोसला बफरचं प्रमाण तेच राहील असं पातळ करत जा आणि कंट्रोलला प्रोटीन सोडून तोच बफर, तेवढाच. बीएल२१ मधून आलेल्या प्रोटीनसोबत एंडोटॉक्सिनही (जिवाणूच्या आवरणातलं विष) येतं. एलएएल चाचणी करून ते प्रोटीनच्या मायक्रोग्रॅममागे १ युनिटच्या खाली आणा, ०.१ च्या खाली गेलं तर उत्तम. निकेलवर प्रोटीन असतानाच ०.१ टक्के ट्रायटन एक्स-११४ च्या थंड बफरने भरपूर धुतलं तर बरंच निघतं.

तिसरा दोष सगळ्यात मोठा. एमटीटी पेशी मोजत नाही, पेशींची रिडक्शन करण्याची क्षमता मोजतो. पेशी तेवढ्याच राहून चयापचय वाढला तरी ओडी वर जातो. वाढीबद्दल बोलायचं तर मोजा: ट्रिप्सिनने उचला, ०.४ टक्के ट्रिपॅन ब्ल्यू, हिमोसायटोमीटर. सोबत क्रिस्टल व्हायोलेटची प्लेट. आणि डोस द्यायच्या क्षणी एक प्लेट फिक्स करून ठेवा. त्या शून्य-वेळेच्या आकड्याशिवाय ‘वाढ’ काढताच येत नाही. दिलेल्या वेलमधून शून्य-वेळ वजा करा, कंट्रोलमधूनही वजा करा, मग भागाकार. हे न करता नुसतं ‘कंट्रोलच्या ८० टक्के’ लिहिलं की वाढ मंदावली, का पेशी मेल्या, का मुळात कमी चिकटल्या, काही कळत नाही.

बाहेरच्या ३६ वेल रिकाम्या ठेवा, पीबीएस भरून. चार दिवस चालणाऱ्या प्लेटला कडेचं बाष्पीभवन नडतंच. पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून डोसेटॅक्सेल १० नॅनोमोलर. तो पीसी-३ ना अडवत नसेल तर त्या दिवशीची प्लेट फेकून द्या, प्रोटीनचा आकडा बघूही नका.

एलएनकॅपवर (प्रोस्टेट कॅन्सरच्या दुसऱ्या पेशी) तपासणार असाल तर वेलला पॉलिलायसिनचा थर द्या. त्या पेशी एवढ्या सैल बसतात की पिपेटच्या झोताने निम्म्या निघून जातात आणि प्रोटीनने मारल्यासारखं दिसतं. सीरम २ टक्क्यांवर आणून बघा, पण शून्यावर नको. उपाशी पेशींना काहीही दिलं तरी फरक दिसतो. सीरम कमी असताना पातळ डोस प्लास्टिकला चिकटून नाहीसे होतात, तेव्हा ०.१ टक्का बीएसए (गाईचं अल्ब्युमिन), दोन्ही बाजूंना सारखा.

क्लोनोजेनिक, म्हणजे सुट्या पेशींपासून वसाहती मोजण्याची चाचणी, जरूर लावा, पण आधी प्रोटीनचा हिशेब करा. ६ वेलच्या प्लेटमध्ये वेलला ४०० पेशी, २ मि.ली. मीडिया, १० ते १२ दिवस, दर चार दिवसांनी बदल. म्हणजे तीन वेळा डोस. १० मायक्रोग्रॅमला वेलमागे ६०, तीन वेलना १८० मायक्रोग्रॅम. १०० च्या डोसला १.८ मि.ग्रॅ. लागेल. एवढं घडी घातलेलं प्रोटीन हाताशी नसेल तर वरचा डोस सोडा. ५० च्या वर पेशी असलेलीच वसाहत धरा.

---

गिरणगाव

जुन्या ट्यूबबद्दल कोणी बोललं नाही. २० टक्के उतार आहे आणि तापवूनही तसाच आहे, यात दोन संशयित.

वीर्यद्रवात स्पर्मीन हे लहान अमाइन मिलिमोलर प्रमाणात असतं. गाईच्या सीरममधलं अमाइन ऑक्सिडेज त्याचं अल्डिहाइड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड करतं आणि ते पेशींना मारतं. स्पर्मीन लहान आहे, डायलिसिसमध्ये जायला हवं. पण त्याच्यावर धन प्रभार, पीएसपी९४ वर एकूण ऋण, चिकटून राहतं. तापवल्याने स्पर्मीनचं काही बिघडत नाही, म्हणून कंट्रोलही तसाच दिसला. तपासणी सोपी: मीडियात अमिनोग्वानिडीन १ मिलिमोलर घाला. उतार नाहीसा झाला तर तो स्पर्मीनचा होता. काढायचं तर ०.५ मोलर मिठात जेल फिल्ट्रेशन.

दुसरा संशयित टीजीएफ-बीटा. वीर्यद्रवात तो भरपूर असतो आणि पीसी-३ सकट अनेक उपकला पेशींची वाढ तो रोखतो. सुप्तावस्थेतला टीजीएफ-बीटा उष्णतेने उलट जागा होतो. नॅनोग्रॅमभर टीजीएफ-बीटा पुरतो, म्हणून ‘९५ टक्के शुद्ध’ या शब्दांवर जाऊ नका. त्याला बांधणारी अँटीबॉडी किंवा त्याच्या रिसेप्टरचा अवरोधक घालून एक संच लावा. वीर्यद्रवातून काढलेल्या पीएसपी९४ सोबत सीआरआयएसपी-३ हे प्रोटीनही येऊ शकतं, दोघांची जोडी घट्ट असते. याचा फायदाही आहे: तुम्ही नव्याने घडी घातलेलं प्रोटीन सीआरआयएसपी-३ ला धरतं का हे बघितलं तर घडीची परीक्षा होते. वाढीशी त्याचा संबंध नाही, पण मास आणि एचपीएलसी जे सांगत नाहीत ते हे सांगतं.

जुने निबंध शोधताना नावांच्या गोंधळात पडू नका. हेच प्रोटीन बीटा-इनहिबिन, प्रोस्टॅटिक इनहिबिन पेप्टाइड, बीटा-एमएसपी अशा नावांनी सापडतं आणि जनुक एमएसएमबी. अंडाशय-वृषणातलं इनहिबिन वेगळं, ते टीजीएफ-बीटाच्या कुळातलं. प्रोस्टेटवाल्याला ते नाव मिळालं ते एफएसएच हे संप्रेरक दाबण्याच्या गुणावरून. यातलं बरंच सुरुवातीचं काम आपल्या परळचं आहे: इन्स्टिट्यूट फॉर रिसर्च इन रिप्रॉडक्शन, आजची आयसीएमआरची प्रजनन आणि बाल आरोग्य संशोधन संस्था, तिथला ए. आर. शेठ यांचा गट. १९९३ मध्ये शेठ यांच्या सहभागाने अमेरिकेतून दोन निबंध आले. एकात मानवी प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशी आणि प्राणी, दुसऱ्यात उंदरांमधला डनिंग आर३३२७-जी ट्यूमर. दोन्हींत वाढ मंदावली. पुढे २०१० मध्ये त्याच संस्थेने भाभा अणुसंशोधन केंद्राबरोबर स्फटिकरचना काढली. तीत दोन रेणू कडेला कड लावून जोडीने बसलेले दिसतात. म्हणून न्यूट्रल पीएचला जेल फिल्ट्रेशनवर तुमचं शेपटीवालं प्रोटीन २३ किलोडाल्टनच्या आसपास उतरलं तर घाबरू नका, आणि आम्लात सुटं झालं तरी घाबरू नका.

तुम्हाला एवढी घडी जमत नसेल तर आखूड वाट आहे: पीसीके३१४५. पीएसपी९४ च्या ३१ ते ४५ या तुकड्याचं १५ अमिनो आम्लांचं कृत्रिम पेप्टाइड. मॅट लाय लू या उंदराच्या आक्रमक ट्यूमरवर २००३ च्या कामात पूर्ण प्रोटीनने आणि २००४ च्या कामात या तुकड्याने वाढ कमी केली. पुढे एमएमपी-९ या आवरण विरघळवणाऱ्या एन्झाइमवर त्याचा परिणाम अभ्यासला गेला आणि रुग्णांमध्ये पहिल्या टप्प्याची चाचणीही झाली.

मागवताना एक लक्षात ठेवा. या १५ मध्ये सातवं, दहावं आणि बारावं अशी तीन सिस्टीन आहेत आणि चाचण्यांतल्या पेप्टाइडमध्ये ती तिन्ही असेटामिडोमिथाइल गटाने झाकलेली होती. झाकण नसलेलं मागवलंत तर ते आपसात पूल बांधत बसेल आणि एमटीटीलाही रंगवेल. झाकलेल्याचा मास साधारण २,०३९, उघड्याचा १,८२६; आलेल्या कागदावर हा आकडा आधी बघा. पेप्टाइड आम्लधर्मी आहे, चार ऋण प्रभार आणि लायसिन-आर्जिनीन एकही नाही. पाण्यात विरघळलं नाही तर असेटिक आम्ल घालू नका, किंचित अमोनियम बायकार्बोनेट घाला. कुपीवरचं वजन मीठ-पाण्यासकट असतं; २८० ला मोलर शोषणांक ६,९९० धरून खरं प्रमाण काढा.

---

विहीरवाला

डोसबद्दल एक शंका. १०० मायक्रोग्रॅम म्हणजे जवळपास ९ मायक्रोमोलर. एवढ्या प्रमाणात कुठलंही प्रोटीन दिलं तर पेशी काहीतरी करणारच. रक्तात हे नॅनोग्रॅममध्ये असतं. मी १० च्या वर जाऊ नये म्हणेन.

---

गिरणगाव

रक्ताचा निकष इथे अर्धाच लागतो. ज्या पेशी हे प्रोटीन बनवतात त्या ग्रंथीच्या पोकळीकडे तोंड करून असतात आणि वीर्यद्रवात ते मि.ली. मागे अर्धा ते एक मि.ग्रॅ. असतं. त्या पेशींच्या दृष्टीने १०० मायक्रोग्रॅम कमीच. पीसी-३ मात्र हाडातल्या गाठीतून आलेल्या. हाडात त्यांच्या वाट्याला येतं ते रक्तातलं. तेव्हा कुठला प्रश्न विचारताय त्यावर डोस ठरवा. ‘ग्रंथीत असताना याने वाढ आवरलेली असते का’ असा प्रश्न असेल तर १०० चालेल, पण सोबत तेवढंच दुसरं निरुपद्रवी लहान प्रोटीन हवं. लायसोझाइम घेतात लोक, मात्र ते क्षारधर्मी आहे. अल्फा-लॅक्टाल्ब्युमिन प्रभाराने जवळचं.

त्याहून स्वच्छ मार्ग म्हणजे प्रोटीन बाहेरून न देता जनुक पेशीत घालणं. एमएसएमबी डॉक्सिसायक्लिनने चालू होईल अशा लेंटिव्हायरसमध्ये. मानवी पेशी स्वतः घडी घालून बाहेर सोडेल. एंडोटॉक्सिन नाही, बफर नाही, स्पर्मीन नाही. कंट्रोल दोन: रिकामा व्हेक्टर अधिक डॉक्सिसायक्लिन, आणि तीच लाइन डॉक्सिसायक्लिनशिवाय. डॉक्सिसायक्लिन स्वतः मायटोकॉन्ड्रियाला त्रास देतं, म्हणून पहिला कंट्रोल टाळू नका.

---

जास्वंदी

सगळ्यांचे आभार. सुचवलेल्यातलं जे लगेच जमलं ते केलं. पेशी नसलेल्या वेल: बफर घातल्या घातल्या एमटीटी दिलं तर स्पष्ट जांभळं, ४८ तासांनी दिलं तर मीडियाएवढंच. म्हणजे विहीरवाला बरोबर होते. १०० च्या वेलमधल्या पेशी ट्रिपॅन ब्ल्यूने मोजल्या तर कंट्रोलइतक्याच, तरी ओडी जास्त. डिसॉल्ट करून एलमन केलं: रेणूमागे सातच्या वर मोकळे थायॉल. डीटीटीशिवायच्या लेनमध्ये शिडी.

---

डायसल्फाइड

सातच्या वर म्हणजे फार तर एखादा पूल, तोही बहुतेक शेजाऱ्याशी. मग आतापर्यंतच्या प्लेटवरून पीएसपी९४ बद्दल होकार-नकार काहीच लिहू नका. पेशी तेवढ्याच आणि ओडी जास्त, यात एंडोटॉक्सिन किंवा ग्लिसरॉल कोणाचा हात आहे ते बफर-कंट्रोल आणि एलएएल सांगेल, पण त्यामागे वेळ घालवण्यापेक्षा नवी बॅच लावा.

---

चाफेकळी

विषयातली नाही, पण धागा वाचून विचारते. वडिलांना प्रोस्टेटचा कॅन्सर आहे. हे प्रोटीन गोळी किंवा इंजेक्शन म्हणून मिळतं का? आणि एका जनुक चाचणीच्या अहवालात एमएसएमबी असं लिहून आलंय, ते हेच का?

---

गिरणगाव

औषध म्हणून मिळत नाही. पीसीके३१४५ रुग्णांमधल्या सुरुवातीच्या चाचण्यांपर्यंत गेलं, मान्यताप्राप्त उपचार झालं नाही. कोणी ‘नैसर्गिक प्रोस्टेट प्रोटीन’ म्हणून पावडर विकत असेल तर घेऊ नका. पोटात गेलेलं प्रोटीन तसंही पचतं. वडिलांचे उपचार त्यांच्या ऑन्कॉलॉजिस्टच्या सल्ल्याने जसे चालू आहेत तसेच राहू द्या.

अहवालातलं एमएसएमबी हेच. दहाव्या गुणसूत्रावर या जनुकाच्या सुरुवातीलगत एका अक्षराचा फरक असतो, आरएस१०९९३९९४, काहींत सी तर काहींत टी. टी असेल तर प्रोटीन कमी बनतं. प्रोस्टेट कॅन्सरच्या धोक्याशी त्याचा संबंध २००८ च्या मोठ्या जनुकीय पाहण्यांत समोर आला. पण टी प्रकार फार सर्रास आढळतो, युरोपीय वंशात दहातल्या साधारण चार प्रती टी असतात, आणि एका प्रतीने धोका जेमतेम पाव पटीने वाढतो. त्यावरून एकट्या माणसाचं काही ठरत नाही, वडिलांच्या उपचारांत तर त्याने काहीच बदलत नाही. शेजारीच एनसीओए४ नावाचं जनुक आहे, त्याच्याही पातळीशी त्या जागेचा संबंध दिसलाय, म्हणून सगळा दोष एमएसएमबीवरच टाकता येत नाही.

जास्वंदी, हेच तुमच्या प्रस्तावनेलाही लागू आहे. ट्यूमर वाढत जातो तसं पीएसपी९४ कमी होतं हे ऊतींमध्ये दिसतं. ईझेडएच२ हे जनुकं मिटवणारं एन्झाइम एमएसएमबी बंद करतं असंही दाखवलंय. पण ‘कमी झालं म्हणून वाढ सुटली’ आणि ‘पेशी बिघडली म्हणून ते बनेनासं झालं’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. तुमचा प्रयोग नीट झाला तर पहिल्याला थोडा आधार मिळेल, एवढंच लिहा.

---

जास्वंदी

शेवटचं विचारते. डायलिसिसमध्ये दर वेळी निम्म्याहून जास्त प्रोटीन जातं. गाळ दिसत नाही. लॅबमधली नेहमीची नळी वापरते, १२ ते १४ किलोडाल्टनवाली.

---

डायसल्फाइड

अहो, प्रोटीन शेपटीसकट साडेअकराचं आहे, नळी चौदाची. ते गाळ होत नाहीये, बीकरमध्ये जातंय. ३.५ ची नळी घ्या आणि कॉन्सन्ट्रेटरला ३ ची पडदी, १० ची नको. या वेळचं बीकरमधलं पाणी अजून ओतलं नसेल तर २८० ला वाचून बघा.